पावणेतीन इंच

अण्णा गेल्याचं सुगुणाने मला फोनवर सांगितलं, ते आज भेंडी कशी मिळाली हे सांगावं तशा आवाजात. "अत्या, अप्पा गेले. सकाळी कापी घेटले, पेला खाली ठेवले, आणि गेले." मग थोडं थांबून, "तुमी येतां का? तिकीट मिळतंय काय बघा." सुगुणा म्हणजे अण्णाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. अण्णा माझा थोरला भाऊ. तिच्या आवाजात रडू नव्हतं म्हणून मी तिला नावं ठेवत नाही, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला... आमचं लहानपणापासूनचं भांडण चालू होतं, ते अर्ध्यावर टाकून हा निघून गेला, आणि आता शेवटचा शब्द कायमचा त्याचा. त्याला काही आठवडे झाले. पुण्यातले शेजारपाजारचे भेटून गेले, "मोठा आधार गेला हो तुमचा" असं म्हणाले, मी सगळ्यांना चहा दिला. आधार वगैरे काही नव्हता. अण्णा दुष्ट होता. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, पुरता विचार करून लिहिते आहे. आणि त्याच्यावर माझा जीव होता हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टींचं एकत्र काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

आमचं घराणं तंजावूरचं. मराठ्यांच्या राज्यात गेलेलं आणि तिथेच राहिलेलं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आमची मराठी कशी, तर लग्न होऊन पुण्याला आले त्या दिवशी मी सासूबाईंना म्हणाले, "मला पाणी होणा." आमच्याकडे 'पाहिजे'ला 'होणा' म्हणतात, कॉफीला 'कापी'. सासूबाई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत. असो. अण्णा तिथेच राहिला. सरकारी तंत्रनिकेतनात तो वर्कशॉप शिकवायचा. पंपसेट, टिलर, लहानमोठी इंजिनं, जे काही पेट्रोल किंवा डिझेल पिऊन आवाज करतं ते सगळं त्याचं. उंच, काटकुळा, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेला, आणि अंगाला कायम घासलेटाचा वास. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक आज कावेरीच्या पाण्यावरच्या गावागावांत पंप दुरुस्त करतात आणि त्याचं नाव काढलं की शिवी हासडतात. कामाला मात्र सगळे चोख. त्याची शिकवायची तऱ्हाच तशी होती. इंजिनाचं जड चाक आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये नखाएवढा लोखंडाचा एक तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. ती चावी नसेल तर ठिणगी भलत्या वेळी पडते आणि दोरी ओढणाऱ्याच्या हाताला उलटा हिसका बसतो. अण्णा परीक्षेच्या दिवशी ती चावी हळूच खिशात टाकायचा आणि पोरांना इंजिन जोडायला सांगायचा. एकदा एकाचं मनगट मोडलं. अण्णा त्याला बघायला गेला, खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "आता कळलं का, काय राहिलं होतं ते?" मला ही गोष्ट त्यानेच सांगितली, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

माझी आणि त्याची शाळा त्याआधीची. आमच्या आजोबांनी त्याला जुने पाढे शिकवले होते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी; आणि त्याने ते मला शिकवले, पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. बाहेर सगळा हिशोब तमिळमध्ये चालायचा, तिथे 'काल' म्हणजे पाव आणि 'मुक्काल' म्हणजे पाऊण. सरळ मिळवायचं, वजाबाकीची भानगड नाही. दोन आणि पाऊण असेल तर तमिळ माणूस सरळ 'रेंडेमुक्काल' म्हणतो. आपलं 'पावणेतीन' म्हणजे तीन यायचेत पण पाव कमी, हे लहान मुलाच्या डोक्यात शिरायला जड जातं. आईने एकदा मला उशांच्या अभ्र्यांसाठी पावणेदोन वार कापड आणायला पाठवलं. मी 'पाव' ऐकलं, 'दोन' ऐकलं, आणि दुकानदाराला तमिळमध्ये ठसक्यात सांगितलं, 'रेंडेकाल'. म्हणजे सव्वादोन. कापड फाडून झालं, दुकानदार परत घेईना. आईने कापड घडी करून ठेवलं. अण्णाने मात्र त्या दिवसापासून माझं नावच रेंडेकाल ठेवलं. गल्लीला कळलं, शाळेला कळलं, माझ्या लग्नात त्याने नवऱ्याकडच्यांनाही रंगवून सांगितलं. मी आजी झाले तरी फोनवर त्याचा पहिला शब्द तोच असायचा. पण एक कबूल करते, मी पुन्हा कधी पावणे आणि सव्वा यांत चुकले नाही.

सुगुणाला त्याने काहीच शिकवलं नाही. आमच्या वहिनी तिच्या लहानपणीच वारल्या. शाळा तमिळ, मैत्रिणी तमिळ; घरात अण्णा मराठी बोलायचा आणि ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. ऐकून कळायचं पुष्कळ, बोलायला अडायचं, आणि देवनागरी तर तिला डोळ्यांनीही माहीत नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान पाढे तरी शिकव तिला." तर म्हणाला, "परक्या घरी जायची ती. तिला पाऊणकी कशाला होणा?" ती परक्या घरी गेली, तिरुचीला, आणि काही वर्षांनी नवऱ्याने घराबाहेर काढली म्हणून एक पिशवी घेऊन परत आली. अण्णा ओट्यावर बसला होता. तिला बघून शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माल परत आला." तिने पिशवी आत नेऊन ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. हे मला शेजारणीने सांगितलं. सुगुणा असल्या गोष्टी सांगत नाही.

नंतर तिने जे केलं ते आमच्या घरात कोणी केलं नव्हतं. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एक खाजगी कॉलेज आहे, त्याचं मोठं मैदान आहे. तिथलं गवत राखायचं काम तिने मिळवलं. आधी बायका लावून विळ्यांनी कापायची. मग जवळचं एक हॉटेल बंद पडलं, त्यांच्या बागेतलं बसून चालवायचं गवतकापणी यंत्र तिने उचललं. लहान ट्रॅक्टरसारखं दिसतं ते, पोटाखाली पाती फिरतात, वर सीट, आणि सीटवर आमची सुगुणा, चुडीदार, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सगळं कॉलेज बघायला गोळा व्हायचं म्हणे. अण्णाला तेव्हा एका डोळ्याने थोडं दिसत होतं. यंत्र घरी आणल्यावर त्यानेच ते मागच्या अंगणात उघडलं, खालची पुली काढली, साफ केली, परत बसवली. आठवडाभर दोघं अंगणात होती. तो मागायचा, ती पाना हातात द्यायची. मी फोन केला तर म्हणाला, "काम आहे, मग बोल." माझ्या माहितीत बापलेकीचा चांगला काळ म्हणजे तेवढाच आठवडा.

मग अण्णाचे दोन्ही डोळे गेले, आणि त्यानंतर यंत्राचं इंजिन गेलं. मी तेव्हा एका लग्नासाठी तंजावूरला होते. सुगुणाने यंत्र एका छोट्या टेम्पोत घालून घरी आणलं होतं. अण्णा आरामखुर्चीत, ती जमिनीवर बसलेली. प्लग काढला, ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लग लोखंडाला टेकवून फिरवून बघितलं, निळी ठिणगी पडली. मग तिने वरचं चाक हाताने फिरवलं, तर ते विहिरीवरच्या रिकाम्या रहाटासारखं गरगर फिरलं, कुठे अडलंच नाही. अण्णा खुर्चीतून म्हणाला, "दाब नाही. तेल काढ." तेल काढलं तर त्यात चांदीसारखा चुरा. आतला जोडदांडा तुटून इंजिनाच्या अंगालाच चीर पडली होती. "मेलं ते," अण्णा म्हणाला. "दुरुस्त नाही व्हायचं. दुसरं आण." आणि मग, जरा वेळाने, "तुला जमणार नाही." सुगुणाने तेलाचे हात फडक्याला पुसले आणि मला म्हणाली, "अत्या, कापी घेतां का?" कॉलेजच्या क्रीडामहोत्सवाला फार दिवस उरले नव्हते. तोवर मैदान तयार नसेल तर काम दुसऱ्याला देऊ, असं तिथल्या व्यवस्थापकाने तिला तोंडावर सांगितलं होतं. ते काम म्हणजे तिच्याकडे स्वतःचं असं जे काही होतं ते सगळं. बापाच्या घरात खाली मान घालून राहायचं की वर करून, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्या मैदानावर ठरणार होता.

मी पुण्याला परत आले. पुढचं मला दोघांकडून कळलं, आणि गंमत म्हणजे दोघांनी सांगितलेल्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. नवं इंजिन मागवायचं तर जुनं कुठलं ते आधी कळायला हवं. इंजिनाच्या झाकणावर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर नंबर ठोकलेले असतात, ते सांगितले की विकणारा तसंच दुसरं पाठवतो. या यंत्राचं झाकण कोणीतरी कधीतरी बदललेलं, पट्टीच नाही. मग मापं घ्यायची. अश्वशक्ती अंदाजाने कळली, बोल्टांच्या भोकांचं अंतर तिने मोजलं, दांड्याची जाडी कळली. दांडा उभा, म्हणजे इंजिनातून सरळ खाली उतरणारा. प्रश्न त्याच्या लांबीचा होता. खालची पुली गंजून दांड्याला घट्ट चिकटली होती, मध्ये आडवी लोखंडी पट्टी, टेप आत जाईना. आणि पुली निघाल्याशिवाय इंजिन वर उचलता येईना. पण अण्णाने ती पुली स्वतः बसवली होती. त्याला एकदा हाताखालून गेलेलं माप आयुष्यभर पाठ असायचं. सुगुणा कोइंबतूरच्या विक्रेत्याला फोन लावून त्याच्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "अप्पा, दांडा किती लांब?"

अण्णा म्हणाला, "पावणेतीन इंच."

तिने फोनमध्ये तमिळमध्ये सांगितलं, "मूणेकाल." म्हणजे सव्वातीन.

अण्णा कापी पीत होता. त्याने ऐकलं. तो इंच, फूट, पाऊण, मुक्काल सगळं जन्मभर दोन्ही भाषांत मोजत आलेला माणूस. विक्रेत्याने खात्रीसाठी पुन्हा विचारलं असावं, कारण ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "मूणेकाल, मूणेकाल." अण्णाने पेला खाली ठेवला. इंजिन येईपर्यंत त्याने ती चूक बोलून दाखवली नाही.

ज्या दिवशी खोकं आलं त्या दिवशी त्याने मला फोन केला. "काय रेंडेकाल, बरी आहेस? तुझ्या भाचीने तुझी गादी चालवली." आणि हे सगळं सांगितलं. नवं इंजिन जागेवर ठेवलं तर ते बसेना, दांड्याचं टोक खालच्या पट्टीला टेकलं आणि बूड अर्धा इंच वर अधांतरी राहिलं. विक्रेता माल परत घेत नव्हता. मी विचारलं, "तुझ्यासमोर ती चुकीचं बोलली आणि तू गप्प बसलास?" तर म्हणाला, "मला कोण विचारट्लं?" मी म्हटलं, "तू तिला शिकवलंस का कधी?" तर म्हणाला, "तुला शिकवलं होतं ना, तरी चुकलीसच की." मग तो खाली आवाजात, मजेत बोलू लागला. उपाय अगदी सोपा आहे म्हणाला. अर्ध्या इंचाची लोखंडी पट्टी कापायची, बोल्टांची भोकं पाडायची, इंजिनाच्या बुडाखाली सारायची. इंजिन अर्धा इंच वर, दांड्याचं टोक बरोबर जुन्या जागी. "शाळकरी पोराला सुचेल. पण मी सांगणार नाही. तिने येऊन विचारलं पाहिजे." मी फोन आपटला.

लगेच सुगुणाला लावला. ती अंगणातच होती. तिचं विचारून झालं होतं, पण त्याला हवं होतं ते नव्हे. जुनी पुली ग्राइंडरने कापून तिने जुना दांडा मोजला, तो अर्धा इंच आखूड निघाला, तेव्हा तिला शब्द कळला. आत जाऊन तिने विचारलं, "अप्पा, पावणेतीन म्हणजे रेंडेमुक्काल काय?"

"आत्ता विचारतीस?"

"मी फोनमध्ये सांगताना तुमी ऐकत होते."

"होतो की. माझे कान चांगले आहेत. तू तुझे कोठे ठेवलीस इतकी वर्षं?" आणि ती वळली तेव्हा मागून, "विकणारा परत घेईना? तुझा नवरा बरा, त्याने केलं परत."

हे तिने मला सांगितलं, पुन्हा तोच भेंडीचा आवाज. मी म्हटलं, "सुगुणा, ऐक, उपाय आहे, तो अगदी..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "नोको अत्या. त्यांच्याकडचं असलं तर नोको." आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिने टेम्पो बोलावला, यंत्र, जुनं इंजिन, नवं इंजिन, सगळी हत्यारं त्यात घातली आणि कॉलेजच्या शेडमध्ये नेली. अण्णा ओट्यावर बसून टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिला.

त्या दिवसापासून सुगुणा त्याच्याशी बोलली नाही. टाकून गेली असती तर समजू शकले असते. तसं नाही. घरीच राहिली. सकाळी कापी, दुपारी झाकून ठेवलेलं जेवण, रात्री ताट. ताटात भात कुठे, रसम कुठे हे त्याला दिसत नसे, तर त्याचा हात धरून एकेका वाटीवर टेकवायची. डोळ्यांत औषध घालायची, नखं कापायची, वेष्टी धुऊन घडी करून ठेवायची. सगळं मुक्याने. आणि फुलवाली दारात आली की तिच्याशी अर्धा अर्धा तास हसून गप्पा, मुद्दाम, त्याला ऐकू जाईल अशा. दुष्टपणा शिकवावा लागत नाही हे मला तेव्हा कळलं. पाढे तेवढे शिकवावे लागतात.

अण्णाला एकच गोष्ट होणा होती. इंजिन चाललं का? तो रोज विचारायचा. ती ताट ठेवायची. तो भिंतीला विचारल्यासारखं विचारायचा, "पट्टी आडवी येते का अजून?" ती वाटी पुढे सरकवायची. आयुष्यभर आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला आवाजच येईना. शेजाऱ्यांना विचारावं तर त्याच्या जिभेमुळे कोणी शेजारी उरला नव्हता. मग मला फोन. "तू विचार ना तिला." मी विचारलं. "अत्या, तुमालाही सांगत नाही. तुमी त्यांना सांगून टाकाल," असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं. क्रीडामहोत्सव होऊन गेला. काम तिच्याकडे राहिलं एवढं कळलं. पण ते यंत्राने राहिलं की पुन्हा बायका आणि विळे लावून, ते कळायला मार्ग नव्हता. अण्णा मग इंजिन तपासावं तसा मुलीला तपासू लागला. ती कधी निघते, कधी येते, चप्पल कशी वाजते. एक दिवस मला म्हणाला, "चाललं नाही ते. औषध घालायला वाकते तेव्हा मी वास घेतो. पेट्रोलचा नाही, तेलाचा नाही, कापल्या गवताचाही नाही. यंत्रावर बसणाऱ्याला वास येतोच. लावल्या असतील बायका." मला वाटलं आता हा हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मी सांगायला होणा होतं काय ग?"

त्याने मला रेंडेकाल म्हटलं नाही, असा तो एकच फोन. मी म्हटलं, "हो."

"मग तू सांग तिला. अर्ध्या इंचाची पट्टी खाली घाल म्हणावं. माझं नाव सांगून सांग, नाही सांगून सांग, कसंही सांग."

मी सुगुणाला फोन करून अक्षरशः तेवढं सांगितलं, तो रडवेला झाला होता हेही सांगितलं. ती म्हणाली, "सरि, अत्या." म्हणजे 'बरं', एवढंच. अण्णाला मी ते कळवलं. "काय म्हणाली?" "सरि म्हणाली." "आणखी?" "आणखी काही नाही." त्यानंतर जेमतेम पंधरवडा तो होता. रोज औषधाच्या वेळी तो मान जरा वर करून थांबायचा, असं कामवाल्या बाईने मला नंतर सांगितलं. तिला वाटायचं औषध झोंबतं म्हणून.

मी तंजावूरला गेलेच होते; दिवसवार झाल्यावर सुगुणाबरोबर कॉलेजवर गेले. मला ते बघायचंच होतं. शेडमधून तिने यंत्र बाहेर काढलं, किल्ली फिरवली, आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. एकसारखा, भरलेला आवाज. मी इंजिनवाल्याची बहीण आहे, एवढं मला कळतं. ती मैदानभर लांब पट्टे मारत फिरली, मी पायरीवर बसून राहिले. थांबल्यावर मी झाकण उघडायला लावलं आणि चष्मा लावून खाली वाकले. इंजिनाच्या बुडाखाली लोखंडी पट्टी होती, चारी भोकं नीट पाडलेली, कडा कानशीने घासलेल्या. मी विचारलं, "ही कधी घातलीस?" ती म्हणाली, "घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. अजून काय करायचं होतं? अर्धा इंच जास्त आहे तर अर्धा इंच वर उचलायचं." मला तिला ओरडायचं होतं की अगं, हेच त्याने सांगितलं होतं, शब्दन् शब्द, तुम्हा दोघांचं डोकं एकच आहे. पण ते तिला माझ्या फोनवरून केव्हाच कळलेलं होतं. कळलेलं असताना ती 'सरि' म्हणाली होती.

यंत्र शेडमध्ये लावून ती मागच्या नळावर गेली. पिशवीतून धुतलेला चुडीदार काढला, शेडच्या आत जाऊन बदलला, अंगावरचे कपडे दुसऱ्या पिशवीत कोंबून तिचं तोंड बांधलं. मग शिकेकाईच्या पुडीने कोपरापर्यंत हात घासले, नखांत काडी घातली, मान पुसली, केसांवरचा टॉवेल सोडून केस ओल्या पंचाने पुसले. हात नाकाशी नेले. समाधान झालं नसावं, तिने पुन्हा पुडी घेतली. मी बघत राहिले. इतके महिने रोज ती इथे हे करून घरी जात होती, आणि त्या स्वच्छ हातांनी त्याच्या डोळ्यांत औषध घालत होती. मला वाईट वाटलं. त्याच्याबद्दल की तिच्याबद्दल, मला सांगता येत नाही. आमच्या घराची जीभ माझ्याही तोंडात आहे, ती आवरली नाही.

"आता घरी कोण आहे ग वास घ्यायला?" मी म्हटलं.

सुगुणाने नळ बंद केला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "कोणी नाही," ती म्हणाली, आणि दुसरा हात घासायला घेतला.